ओसरीवरची झोप: ताठरतेच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

"ह्यांना झोपेची गोळी द्या साहेब," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, ओसरीवर झोपायलेत. थंडी म्हणू नका, पाऊस म्हणू नका."

नवरा शेजारच्या स्टुलावर बसून छताच्या पंख्याकडं बघत होता. सवयीनं मी केसपेपरवर 'निद्रानाश' लिहिलं आणि पेन थांबलं. झोप न येणारा माणूस अंथरुणात तळमळतो, उठून पाणी पितो, फार तर अंगणात फेऱ्या मारतो. दोन वर्षं अंथरूणच बाहेर नेणाऱ्या माणसाला झोपेचा त्रास असतो का? मी सिस्टरना सांगून बाईंना वजन आणि रक्तदाब बघायला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

या रुग्णाला मी तात्या म्हणतो. वय ४७, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, घरी बायको, आई, थोरला भाऊ. ओळख पटू नये म्हणून घरचे बारकावे बदलले आहेत, आणि लिहायला दोघांचाही होकार घेतला आहे. मी बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. हे प्रकरण दुर्मीळ नाही. तरीही ते सविस्तर मांडतोय, कारण ते माझ्या हातून जवळजवळ निसटलं होतं.

तात्या माझ्याकडं त्याआधी दोनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा तळपाय जळतात म्हणून. तेव्हा साखर सापडली, गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी पंधरा दिवस घेतल्या आणि सोडल्या. दुसऱ्यांदा थकवा म्हणून. मधुमेह असलेल्या प्रत्येक पुरुषाला लिंगाच्या ताठरतेबद्दल विचारायचं असतं, हे मला एमडी करताना शिकवलेलं आहे. दोन्ही वेळा बाहेर चाळीस माणसं बसली होती आणि मी विचारलं नाही. गर्दी हे कारण मी स्वतःला देत आलो. खरं कारण असं की गावाकडच्या, आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, ते मला जमत नव्हतं. शब्द एक तर शिवीतले असतात, नाही तर पुस्तकातले.

त्या दिवशी इतकंच विचारलं, "तात्या, घरात झोपायला भीती वाटते का?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मन होतंय साहेब, पर अंग साथ देईना. मग उगं तिच्या शेजारी जाऊन काय करावं?"

प्रश्नांची उत्तरं

पुढचा अर्धा तास या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा. तपासण्या नंतर झाल्या, पण निदान गप्पांतच निम्मं झालं होतं.

ही तक्रार एका रात्रीत आली की हळूहळू? हळूहळू. तीन वर्षांपूर्वी ताठरता यायची, पण मध्येच जायची. मग येणंच कमी झालं. इच्छा? आहे, पहिल्यासारखीच. वीर्य येतं का? कधी कधी नरम असतानाच येतं. दुखतं का, वाकडं होतं का? नाही. पहाटे जाग आल्यावर?

"आधी असायचं. आता ते बी नाही. कधीपासून बंद झालं, ध्यानातच नाही."

या उत्तराला वजन आहे. निरोगी पुरुषाला रात्रीत साधारण तीन ते पाच वेळा, बहुतेक करून स्वप्नांच्या झोपेत, आपोआप ताठरता येते. पहाटेची ताठरता ही त्यातलीच शेवटची. तिचा लघवी तुंबण्याशी किंवा वासनेशी फारसा संबंध नाही. झोपेत चिंता नसते, बायको नसते, कर्ज नसतं. पहाटे सगळं व्यवस्थित आणि बायकोजवळच अडचण, असं असेल तर नळी आणि तारा, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू, शाबूत आहेत, अडथळा मनात आहे असं मानायला जागा राहते. पहाटेचीही गेली असेल तर शरीराकडं बघावं लागतं. नियम काटेकोर नाही, पण दिशा देतो.

पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. २५ पैकी २२ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे अडचण नाही, ८ ते ११ म्हणजे मध्यम स्वरूपाची. मी ती वाचून दाखवत नाही, बोलण्यातून भरतो. तात्यांचे गुण ९.

मग त्यांनी स्वतःच कारण सांगितलं. तरुणपणी हातानं केलेल्या चुका. एस्टी स्टँडच्या भिंतीवर, रस्त्याकडेच्या पाट्यांवर हे वाक्य त्यांनी तीस वर्षं वाचलेलं. वीर्य म्हणजे रक्ताचं सार, ते गेलं की ताकद गेली, ही भीती आपल्याकडं इतकी खोल आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. हस्तमैथुनानं ताठरता जात नाही. तात्यांना हे सांगायला एक मिनिट लागलं. पटायला चार महिने लागले.

डबीतलं चूर्ण

"दवा घेतली का काही?"

घेतली होती. एका यात्रेत तंबूवाल्या वैद्याकडून, साडेचार हजारांची, काळपट चूर्णाची डबी. रात्री दुधातून अर्धा चमचा.

"फरक पडला?"

"एकदम. एका घंट्यात."

मी खुर्ची पुढं ओढली. वनस्पतींचं चूर्ण एका घंट्यात काम करत नाही. घेतल्यावर आणखी काय व्हायचं, ते विचारलं. कान गरम व्हायचे, तोंड लाल व्हायचं, नाक चोंदायचं, डोकं ठणकायचं. आणि? "लाइटीच्या भोवती निळं निळं दिसायचं. मला वाटलं डोळ्याला चष्मा लागला."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला घाम फुटला. ही सगळी लक्षणं सिल्डेनाफिलची, म्हणजे लोक ज्याला व्हायग्रा म्हणतात त्या औषधाची आहेत. ते लिंगातल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखतं आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या त्याच्या चुलतभावालाही थोडं रोखतं, म्हणून निळसर झाक दिसते. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकलेल्या कामोत्तेजक मालात हे औषध गुपचूप मिसळलेलं औषध नियंत्रकांना आपल्याकडं आणि परदेशातही पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तात्यांची डबी मी प्रयोगशाळेत तपासलेली नाही, तेव्हा त्यात तेच होतं असं शपथेवर सांगता येणार नाही. पण जिभेला चव आली की मीठ ओळखू येतं.

घाम फुटण्याचं कारण पुढं आहे. मी विचारलं, चक्कर कधी आली होती का?

सहा महिन्यांपासून डोंगराची वाट चढताना त्यांच्या छातीत भरून येत होतं. थांबलं की जायचं. थोरल्या भावाला, दादांना, हृदयाचा त्रास आहे. त्यांच्याकडं जिभेखाली ठेवायची गोळी असते, सॉर्बिट्रेट. तात्यांनी ती दोनतीनदा मागून घेतली होती. एका रात्री नऊ वाजता चूर्ण घेतलं, साडेदहाला छाती भरून आली, दादांची गोळी जिभेखाली ठेवली, हवा घ्यायला गोठ्यात गेले आणि बैलाच्या पायाशी कोसळले. घरच्यांना वाटलं, पिऊन आले.

तात्या वाचले, हे नशीब. का, ते समजायला ताठरता येते कशी, तिथून सुरुवात करावी लागते.

दारं मोडणं

प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला मी चित्र काढलं. शेतकऱ्याला हे समजावणं सोपं जातं.

लिंगात शेजारी शेजारी दोन लांब नळकांडी असतात. त्यांच्या आत स्पंजासारख्या बारीक पोकळ्या, आणि बाहेरून जाड, चिवट आवरण. पोकळ्यांच्या भिंतींत आणि तिथं येणाऱ्या धमन्यांत आपल्या हुकमाबाहेरचे स्नायू असतात. एरवी हे स्नायू आवळलेले असतात, म्हणून रक्त थोडंच येतं आणि लगेच निघून जातं. वाफ्याचं दारं, म्हणजे पाणी आत सोडायची वाट, माती लावून बांधलेलं असावं तसं.

मन चाळवलं किंवा स्पर्श झाला की मेंदूतून मज्जारज्जूत, तिथून कंबरेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या मज्जातंतूंत निरोप जातो. तंतूंच्या टोकातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. रक्त वाढू लागलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तरही तोच वायू आणखी सोडतं. त्यानं स्नायूत सायक्लिक जीएमपी हे रसायन तयार होतं आणि स्नायू सैल पडतो. दारं मोडतं. पोकळ्या भरतात, फुगतात. बाहेरचं आवरण ताणायला मर्यादा असल्यामुळं आत फुगलेला स्पंज त्या आवरणालगतच्या शिरा दाबून टाकतो आणि रक्त बाहेर जायची वाटच चेपते. सायकलची ट्यूब नुसती फुगवली तर लोळत राहते, टायरमध्ये बसवून फुगवली की दगडासारखी होते. तसंच हे.

तात्यांनी इथं मला थांबवलं. "म्हणजे जोर लावून होत नाही?"

नाही. उलट आहे. स्नायू सैल पडतो तेव्हा अंग ताठ होतं. जोर, भीती, 'आज जमलंच पाहिजे' ही धास्ती, या सगळ्यात शरीर अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची रसायनं सोडतं आणि ती त्या स्नायूंना आवळतात. बांधावरून वाघ दिसल्यावर कुणाचंही दारं बंदच व्हायचं. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी धास्ती बसते आणि धास्तीनं पुन्हा जमत नाही. तात्यांच्या बाबतीत मूळ कारण रक्तवाहिन्यांचं होतं, पण दोन वर्षांत त्यावर या धास्तीचा थर चढला होता. शरीराचं की मनाचं, असा सवाल बहुतेक रुग्णांत चुकीचा ठरतो. दोन्ही असतं, कमीजास्त.

"मग वळूचं?" तात्या म्हणाले. शेतकऱ्याचा प्रश्न, आणि रास्त. वळूच्या लिंगात चिवट तंतूच जास्त असतात. ते आत एस आकारात मुडपलेलं असतं आणि वेळेला सरळ होतं, जाडीत फार फरक पडत नाही. कुत्र्याच्या लिंगात तर हाडच असतं. माणसाला हाड नाही, मुडप नाही. त्याची सगळी भिस्त रक्तावर आणि रक्तवाहिनीच्या अस्तरावर. त्या अस्तराला जे जे बाधतं ते ते इथं दिसतं.

साखर अस्तराची नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची ताकद कमी करते, निरोप नेणारे तंतू कुरतडते आणि वर्षं गेली की स्पंजातल्या स्नायूची जागा घट्ट तंतूंनी भरते. पाय जळतात तेही मज्जातंतूंमुळंच. म्हणजे तळपायाची आग आणि ही तक्रार एकाच झाडाच्या दोन फांद्या होत्या, आणि मी एकच बघितली होती. तंबाखूतलं निकोटीन वाहिन्या आवळतं, मग ती बिडीतून येवो की चुन्याबरोबर गालात धरलेल्या चिमटीतून. तात्या दोन्ही घेत. वाढलेला रक्तदाब, चरबी, पोटाचा घेर, बैठी सवय, घोरत श्वास अडखळणारी झोप, रोजची दारू, हे सगळं त्याच अस्तरावर येऊन बसतं.

मोठं वय हेही कारण आहे, पण ते अटळ समजून सोडून द्यायचं नसतं. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमीजास्त प्रमाणात ही अडचण होती. मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत पूर्ण असमर्थता इतरांच्या जवळजवळ तिप्पट होती. तात्यांना मी आकडा सांगितला नाही. "तुमच्या वयाच्या माणसांनी पार भरला तर अर्ध्या पारावर हे असतं," एवढंच म्हणालो. त्यांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदा.

आता गोठ्यातल्या रात्रीकडं. स्नायू सैल करणारं ते सायक्लिक जीएमपी काम झालं की साफ करायला एक विकर असतं, पीडीई-५. सिल्डेनाफिल त्या विकराला रोखतं, म्हणजे मोडलेलं दारं लवकर बांधलं जात नाही. जिभेखालची गोळी नायट्रेट जातीची, ती वेगळ्या टोकानं काम करते. तिच्यातून नायट्रिक ऑक्साइडच तयार होतं, सगळ्या शरीरात. एकीकडून दारं मोडायचं आणि दुसरीकडून बांधणाऱ्याचे हात धरायचे, असं दोन्ही एकदम झालं की अंगभरच्या वाहिन्या उघड्या पडतात आणि रक्तदाब धाडकन कोसळतो. हृदयाची धमनी आधीच अरुंद असेल तर त्याच क्षणी हृदयाला रक्त पुरत नाही. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि त्याच जातीचं टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेटची गोळी द्यायची नसते. जो माणूस नायट्रेट नेहमी घेतो त्यानं या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. डबीवर औषधाचं नावच नसेल तर हे पाळणार कोण? छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसानं 'मी चूर्ण घेतलंय' असं सांगितलं नाही, तर समोरचा डॉक्टर चांगल्या मनानंच जिभेखाली गोळी ठेवेल. आमच्या भागातल्या प्रत्येक घराला मला हे सांगायचं आहे.

तपासणी

रक्तदाब १४८/९२. कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. पायाच्या पाठीवरची नाडी डावीकडं मंद. तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टोचलेला कळत नव्हता. वृषणांचा आकार ठीक, लिंगात कुठं गाठ नाही. उपाशीपोटी साखर २१२, तीन महिन्यांची सरासरी साखर ९.८ टक्के, वाईट कोलेस्टेरॉल १४८. सकाळी आठला घेतलेलं टेस्टोस्टेरॉन ३८०, म्हणजे बरं. हे मुद्दाम तपासलं. हार्मोनची सुई मागायला येणारे बरेच असतात, आणि पातळी ठीक असताना त्या सुईचा उपयोग नसतो. टेस्टोस्टेरॉन कमी असतं तेव्हा बहुधा इच्छाच मावळते, तात्यांची तशी नव्हती.

जुन्या औषधांची पट्टी पाहिली. कुणीतरी सहा वर्षांपूर्वी रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल आणि लघवी वाढवणारी गोळी एकत्र असलेली सुरू केली होती. दोन्हींमुळं काही पुरुषांत ताठरता मंदावते. हे वाचून कुणी आपली गोळी मनानं बंद करू नये. अचानक थांबवलं तर हृदयावर ताण येतो. डॉक्टरला विचारून बदलून घेता येते.

बसल्या जागी काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ होता. तेवढ्यावर मी घरी पाठवू शकलो असतो. पण छातीतली ती चढणीवरची कळ होती आणि ताठरतेची तीन वर्षं होती. लिंगाची धमनी एक ते दोन मिलिमीटर रुंद असते, हृदयाची तीन ते चार. गाळ सगळ्याच वाहिन्यांत एकसारखा बसत असेल तर बारीक नळी आधी अडते. कितीतरी रुग्णांत ताठरतेची तक्रार हृदयाच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू झालेली दिसते. तात्यांचं शरीर तीन वर्षांपासून सांगत होतं, ओसरीवर झोपून.

चिठ्ठी देऊन त्यांना त्याच आठवड्यात लातूरला हृदयविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. चूर्ण बंद, दादांची गोळी बंद, आणि छाती भरून आलीच तर गाडी काढून थेट दवाखाना, 'चूर्ण घेतलंय' हे पहिलं वाक्य. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी धमनी ८० टक्के बंद निघाली. महात्मा फुले योजनेतून स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी ते घरी आले.

गोळीचा पहिला फजितवाडा

अ‍ॅटेनोलॉलच्या जागी तज्ज्ञांनी नेबिव्होलॉल दिली, ती या बाबतीत सौम्य मानली जाते. साखरेच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवणाऱ्या. बिडी त्यांनी रुग्णालयातच सोडली. रोज विहिरीपर्यंत जाऊन यायचं, मग हळूहळू डोंगराच्या पायथ्यापर्यंत.

तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, आता दवा द्या. शरीरसंबंधाला लागणारी मेहनत साधारण दोन जिने भरभर चढण्याइतकी असते. त्यांच्या गावात दोन जिन्यांचं घर नाही, पण मळ्यातली विहीर जुनी, पायऱ्यांची आहे. पाण्यापर्यंत उतरून न थांबता वर येताना छातीत काही होत नाही, हे त्यांनी सांगितलं. तज्ज्ञांची संमती घेतली, नायट्रेट नाही याची पुन्हा खात्री केली आणि सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम लिहून दिली.

पंधरा दिवसांनी ते तणतणत आले. "साहेब, तुमची गोळी कामाची नाही. चूर्ण खरं होतं."

विचारल्यावर उलगडा झाला. पाहुणे आले होते, रात्री मटणाचं जेवण झालं, त्यावर गोळी घेतली आणि ते अंथरुणात पडून वाट बघत राहिले. तेलकट जेवणानंतर ही गोळी रक्तात उशिरा आणि कमी पोहोचते. आणि ती इच्छा निर्माण करत नाही. मन आणि स्पर्श यांनी नायट्रिक ऑक्साइड सोडलं तरच तिला काम असतं. पाटाला पाणीच नसेल तर मोडलेलं दारं काय करणार? हे मी पहिल्याच वेळी नीट सांगायला हवं होतं. घाईत 'तासभर आधी' एवढंच बोललो होतो. हलकं जेवण, तासाभराचं अंतर, जवळीक, आणि सहाआठ वेळा प्रयत्न केल्याशिवाय निकाल लावायचा नाही, असं दुसऱ्यांदा समजावलं. चार तास ताठरता गेलीच नाही तर तातडीनं दवाखान्यात यायचं, हेही.

ही गोळी मुळात छातीच्या दुखण्यासाठी शोधली जात होती. चाचण्यांत सहभागी पुरुषांनी हा वेगळाच परिणाम कळवला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत तिला या कामासाठी परवानगी मिळाली. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप पोहोचवतं, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मोठी मोठी माणसं यावर डोकं लावायलीत." त्यांची लाज त्या वाक्यानं जितकी उतरली तितकी माझ्या धीर देण्यानं उतरली नव्हती.

ताई

इतके दिवस ताईंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. सिस्टरनी त्यांना एकदा आत घेतलं आणि तासभर बोलल्या.

ताईंना वाटत होतं, बाहेर कुणी आहे. मग वाटलं, आपणच नकोशा झालो. तिशीतच गर्भपिशवी काढलेली, माहेरची माणसं ऊसतोडीला जायची तेव्हा त्याही दोन हंगाम गेल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात हे ऑपरेशन किती बायकांचं आणि किती लहान वयात झालं, हा स्वतंत्र आणि संतापजनक विषय आहे. ताईंच्या बाबतीत कागद सापडले, बीजकोशही काढलेले होते. म्हणजे चाळिशीच्या आधीच पाळी गेल्यानंतरची कोरड. संबंधाच्या वेळी त्यांना कितीतरी वर्षं दुखत होतं. त्या अंग आखडून घ्यायच्या, बोलायच्या नाहीत. तात्यांनी त्या आखडण्याचा अर्थ काढला होता तिटकारा. तिटकाऱ्याच्या धास्तीनं कुणाच्या वाहिन्या सैल पडतील?

स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना लावायचं मलम दिलं, हाडांची तपासणी करून घेतली. दोघांना मी एकत्र बसवलं ते एकदाच. पंधरा दिवस संबंधाचा विचारच करायचा नाही, नुसतं जवळ झोपायचं, एवढं सांगितलं. परीक्षा नाही म्हटल्यावर धास्ती उतरते. ताई पदर तोंडाला लावून हसल्या. तात्या पुन्हा पंख्याकडं बघत होते, पण आता कानापर्यंत लाल झाले होते, चूर्ण न घेता.

सहा महिन्यांनी

तीन महिन्यांची साखर ७.१ वर आली. प्रश्नावलीचे गुण ९ वरून १८. पहाटेची ताठरता आठवड्यातून दोनतीनदा परत दिसू लागली, गोळी न घेतलेल्या दिवशीही. मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला, कारण ती अस्तर थोडं सावरल्याची खूण आहे. गोळी अजून लागते. तळपाय अजून जळतात, थोडे कमी. गालातली तंबाखू सुटलेली नाही, पुडी आता दोन दिवस जाते असं ते सांगतात आणि ताई मान हलवतात. झोपेबद्दल मी ताईंनाच विचारलं. म्हणाल्या, "ओसरीवर आता सोयाबीनची पोती रचलीत."

निघताना तात्या दारात थांबले. "दादालाबी विचारा साहेब. तो सांगायचा नाही."

दादा पुढच्या सोमवारी आले, रक्तदाब बघायला म्हणून. वय ५५, बायपास झालेली, नायट्रेट रोज दोन वेळा. मी दार लावून घेतलं आणि विचारलं. त्यांनी कोपरीच्या खिशातून तीच काळपट डबी काढून टेबलावर ठेवली. तात्यांनी बंद केल्यावर उरलेलं चूर्ण त्यांनी उचललं होतं, अजून घेतलं नव्हतं. डबी मी ठेवून घेतली. नायट्रेट चालू आहे तोवर त्यांना सिल्डेनाफिल देता येत नाही. हवेच्या दाबानं रक्त ओढणारा पंप किंवा लिंगात घ्यायची सुई हे पर्याय आहेत, दोन्हींची माहिती दिली, ते विचार करतो म्हणाले. त्यांना सध्या छातीत काही होत नाही, तेव्हा नायट्रेटची गरज उरली आहे का, हे विचारायला लातूरला चिठ्ठी पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.